वर्णपटीय फ्लो सायटोमेट्रीसाठी रंगद्रव्यांची निवड

प्रतिदीप्त रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे पेशींवर बसवून त्या पेशी लेसरच्या किरणापुढून एकेक करून वाहत न्यावयाच्या आणि प्रत्येकीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून तिची जात, अवस्था व कार्य ओळखावयाचे, अशी जी फ्लो सायटोमेट्री नामक पद्धती गेल्या अर्धशतकात प्रतिरक्षाशास्त्राच्या प्रयोगशाळांत रूढ झाली, तिच्या वर्णपटीय प्रकाराने रंगद्रव्यांच्या निवडीसंबंधीचे जुने बहुतेक आडाखे बदलून टाकले आहेत. पूर्वी आठ-दहा रंगांचे पॅनेल नीट जुळविणे हेच कसबाचे काम समजले जाई. २०२० साली ‘सायटोमेट्री, भाग अ’ या नियतकालिकात मानवी रक्तातील पेशींसाठी ४० रंगांचे पॅनेल प्रसिद्ध झाले, आणि आता नवशिक्या विद्यार्थ्याच्या मनातही आपण वीस-पंचवीस रंगांपासूनच प्रारंभ करावा अशी आकांक्षा उत्पन्न होऊ लागली आहे. ही आकांक्षा वावगी नाही. परंतु दोन रंग यंत्राला वेगळे ओळखता येणे ही एक गोष्ट आहे, आणि त्यांपैकी मंद रंग धारण करणारी पेशी आपल्या दृष्टीस स्पष्ट दिसणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. पहिली गणिताच्या अधीन असते, दुसरी प्रकाशाच्या स्वभावाच्या. पहिलीची खात्री पटताच दुसरीही साधली असे गृहीत धरल्यामुळे पॅनेलच्या रचनेत जे घोटाळे होतात ते टाळण्याचा मार्ग, पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील प्रयोगशाळांत हे काम नव्याने हाती घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे सविस्तर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतिदीप्तीचा स्वभाव जाणण्यापुरते तिच्या इतिहासाकडे वळणे अस्थानी होणार नाही. क्विनीनच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पडले असता ते निळसर प्रकाशाने उजळते याचा अभ्यास करून केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली असे प्रतिपादन केले की, शोषलेल्या प्रकाशापेक्षा उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते. आज लेसरचा प्रकाश गाळून केवळ रंगद्रव्याचा प्रकाश मोजता येतो तो याच नियमाच्या आधारावर. १९४१ साली हार्वर्डमध्ये ॲल्बर्ट कून्स यांनी न्यूमोकॉकस जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांना प्रतिदीप्त द्रव्य जोडून दाखविले, १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशी प्रकाशावरून वेगळ्या काढणारे यंत्र उभे केले, आणि १९८२ साली ओय, ग्लेझर व स्ट्रायर या त्रयीने समुद्रातील शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाला साह्य करणारी फायकोएरिथ्रिन व ॲलोफायकोसायनिन ही प्रथिने या कामासाठी पुढे आणली. त्यानंतरची मोठी भर पॉलिमर रंगद्रव्यांची. ज्या जातीच्या पॉलिमर रेणूंच्या शोधासाठी हीगर, मॅकडिआर्मिड व शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच कुळातील हे रेणू आहेत. ब्रिलियंट व्हायोलेट व ब्रिलियंट अल्ट्राव्हायोलेट या नावांच्या मालिका आज जिच्या फ्रीजमध्ये नाहीत अशी प्रयोगशाळा विरळा.

जुन्या यंत्रात प्रत्येक रंगद्रव्यासाठी एक डिटेक्टर राखून ठेवलेला असे, आणि त्याच्यापुढे बसविलेले फिल्टर ठराविक पट्ट्यातील प्रकाश तेवढा आत सोडून बाकीचा वाया घालवीत असे. रंग शेजारच्या डिटेक्टरमध्ये सांडे तो कॉम्पेन्सेशन नामक वजाबाकीने दुरुस्त करावा लागे. पर्ड्यू विद्यापीठात जे. पॉल रॉबिन्सन यांनी या शतकाच्या प्रारंभी पुरस्कारिलेल्या वर्णपटीय पद्धतीत प्रत्येक लेसरमुळे निघालेला सगळा प्रकाश अनेक लहान पट्ट्यांत विभागून डिटेक्टरांच्या रांगेवर पाडतात आणि काहीही टाकून न देता सगळ्यांची नोंद घेतात. आज अनेक ठिकाणी दिसणाऱ्या पाच लेसरांच्या एका यंत्रात ३५५, ४०५, ४८८, ५६१ व ६४० नॅनोमीटरचे लेसर आणि प्रतिदीप्तीसाठी एकंदर ६४ डिटेक्टर असतात. त्याच यंत्राच्या तीन लेसरांच्या आवृत्तीत ते ३८ असतात. म्हणून एका रंगद्रव्याची ओळख त्याच्या शिखरावरून न पटविता या साऱ्या डिटेक्टरांवर उमटणाऱ्या त्याच्या संपूर्ण ठशावरून पटविली जाते. ज्यांची शिखरे जवळजवळ एकाच जागी आहेत अशी दोन द्रव्येही, एक जर जंबुपार लेसरने थोडेसे उजळत असेल आणि दुसरे मुळीच उजळत नसेल, तर या पद्धतीत वेगळी ओळखता येतात.

अनेक ठशांची बेरीज होऊन आलेल्या मिश्रणातून प्रत्येक द्रव्याचा वाटा काढण्याच्या गणिताला प्रयोगशाळेत अनमिक्सिंग म्हणतात. गोडा मसाला जिभेवर ठेवून त्यात धने किती, खोबरे किती, दगडफूल आणि नागकेशर किती हे अचूक सांगणारी सुगरण ते सांगू शकते याचे कारण एवढेच की, यांतील प्रत्येक जिन्नस तिने पूर्वी स्वतंत्रपणे, आणि तोही मसाल्यासाठी भाजतात तसाच भाजल्यानंतर, चाखलेला असतो. यंत्रालाही प्रत्येक रंगद्रव्याचा ठसा असाच स्वतंत्रपणे, आणि प्रत्यक्ष नमुन्यावर जे संस्कार होणार आहेत तेच संस्कार करून, दाखवावा लागतो. डिटेक्टरांची संख्या द्रव्यांच्या संख्येपेक्षा अधिक असल्यामुळे हे समीकरण लघुतम वर्गांच्या रीतीने सुटते, आणि सुटते ते इतक्या सहजपणे की, उत्तर मिळाले म्हणजे ते बरोबरच असणार असा भ्रम होतो.

आता मुख्य अडचण. प्रकाश कणाकणाने येतो, आणि कणांच्या मोजणीत मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार अटळ असतो. एका पेशीवरील तेजस्वी रंगद्रव्याचे सरासरी १०,००० प्रकाशकण दुसऱ्या रंगद्रव्याच्या क्षेत्रात सांडत आहेत असे धरले, तर या संख्येत पेशीगणिक शंभर-एक कणांचा फरक पडणारच. गणित सरासरी १०,००० वजा करील, आणि ज्या पेशींवर दुसरे द्रव्य मुळीच नाही त्यांची सरासरी शून्यावर आणून ठेवील. पण शंभराचा तो चढउतार त्याला वजा करता येत नाही, कारण कोणत्या पेशीच्या बाबतीत संख्या चढली आणि कोणत्या पेशीच्या बाबतीत उतरली हे जाणण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. परिणाम असा होतो की, शून्याभोवती घट्ट बसावयास हवा होता तो पेशींचा समुदाय आलेखावर दोन्ही अंगांनी पसरतो, आणि ज्या पेशींवर दुसऱ्या द्रव्याचे पन्नास कण खरोखरच आहेत त्या या पसाऱ्यात बुडून जातात. यालाच फैलाव म्हणतात. अनमिक्सिंग निर्दोष असले तरी तो राहतो. पुन्हा बजावून सांगावयाचे तर, निर्दोष अनमिक्सिंगनंतरच तो त्याच्या खऱ्या मापाने दिसतो. पॅनेलमधील प्रत्येक नव्या रंगाबरोबर तो वाढतो, आणि ज्या रंगांचे ठसे परस्परांशी मिळतेजुळते आहेत त्यांच्यात तो सर्वांत अधिक वाढतो.

ही केवळ सूक्ष्मतेची हौस नव्हे. नवी मुंबईतील खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या केंद्रात रक्ताच्या कर्करोगावरील उपचारानंतर अस्थिमज्जेत उरलेल्या रोगपेशींचा शोध फ्लो सायटोमेट्रीनेच घेतला जातो, आणि लहान मुलांतील तीव्र लिंफोब्लास्टिक रक्तकर्करोगात दहा हजार पेशींत एक रोगपेशी, हे प्रमाण पुढील उपचाराची दिशा ठरविण्यास आधारभूत मानले जाते. जेथे दहा हजारांत एक पेशी हा निर्णयाचा पाया आहे तेथे फैलावामुळे चार निरोगी पेशी रोगपेशींच्या चौकटीत शिरल्या किंवा दोन रोगपेशी तिच्या बाहेर राहिल्या, तर त्याचा अर्थ एखाद्या रुग्णाच्या बाबतीत काय होईल, याचा विचार आलेखापुढे बसताना मनातून जाऊ देऊ नये.

ठशांचे साम्य मोजण्यासाठी यंत्रासोबतच्या संगणकप्रणालीत साम्यांक दिलेला असतो; तो शून्यापासून एकपर्यंत जातो, आणि ०.९८ च्या वर साम्यांक असणारी जोडी एका पॅनेलमध्ये घेऊ नये असा सामान्य शिरस्ता आहे. फ्लुओरेसीनपासून केलेले एफआयटीसी आणि अलेक्सा फ्लुओर ४८८ ही अशी एकमेकांची जवळजवळ प्रतिकृती असलेली जोडी होय. याउलट, जुन्या यंत्रात एकाच डिटेक्टरवर दावा सांगणारी ॲलोफायकोसायनिन, म्हणजे एपीसी, व अलेक्सा फ्लुओर ६४७ ही जोडी वर्णपटीय यंत्रात वेगळी करता येते, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ती मोठ्या अभिमानाने दाखविलेली असते. येथेच प्रारंभी सांगितलेला भेद ध्यानी धरावा. ही जोडी वेगळी करता येते हे खरे, पण एकीचा दुसरीत होणारा फैलाव मोठा असतो. म्हणून ती वापरावयाचीच असेल तर एकाच पेशीवर कधीही एकत्र न आढळणाऱ्या दोन प्रतिजनांना द्यावी, जसे टी-पेशींवरचे सीडी३ आणि बी-पेशींवरचे सीडी१९. ज्या पेशीवर दोहोंपैकी एकच आहे तिच्या बाबतीत दुसऱ्या आलेखातील फैलावाने आपल्या निष्कर्षाला बाध येत नाही. तीच जोडी जर सीडी४ आणि सीडी२५ यांना दिली, तर नियामक टी-पेशींचा शोध घेणाऱ्या संशोधकाने आपल्या हातांनी आपल्या उत्तरावर पडदा ओढला असे म्हणावे लागेल. संपूर्ण पॅनेलच्या गुंतागुंतीचाही एक अंक प्रणाली देते. दोन पर्यायी पॅनेलांतून एक निवडताना त्याचा उपयोग होतो, मात्र अंक लहान आहे एवढ्यावर पॅनेल चांगले असा निर्वाळा देऊ नये, कारण कोणता प्रतिजन कोणत्या पेशीवर आहे हे त्या अंकाला ठाऊक नसते.

यावरून रचनेचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम प्रश्न लिहून काढावा, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जे प्रतिजन खरोखर हवेत तेवढ्यांचीच यादी करावी; यंत्रात जागा आहे म्हणून भरती केलेला प्रत्येक प्रतिजन इतर सर्वांच्या स्पष्टतेतून काही ना काही हिरावून घेतो. नंतर यादीतील प्रत्येक नावापुढे, तो प्रतिजन पेशीवर विपुल असतो की तुरळक, असतो किंवा नसतो असा निखालस असतो की कमीअधिक प्रमाणात सलग पसरलेला असतो, आणि कोणकोणत्या इतर प्रतिजनांबरोबर एकाच पेशीवर नांदतो, याचा तपशील नोंदवावा. सीडी४५, सीडी८ यांसारखे विपुल व निखालस प्रतिजन कोणत्याही मंद रंगद्रव्यावर निभावून जातात. पीडी-१, सीडी२५ किंवा केमोकाइनचे ग्राहक यांसारख्या तुरळक वा सलग पसरलेल्या प्रतिजनांसाठी तेजस्वी द्रव्ये राखून ठेवावीत, आणि त्याच पेशीवरील इतर रंगांपैकी कोणाचाही फैलाव त्यांच्या क्षेत्रात येणार नाही अशी तजवीज करावी. तेजस्वी द्रव्य मंद प्रतिजनाला, हा नियम सर्वांना पाठ असतो. त्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे विपुल प्रतिजनाला तेजस्वी द्रव्य मुळीच देऊ नये, हा मात्र विसरला जातो, आणि माझ्या मते फैलावाच्या तक्रारींचे मूळ बहुधा त्या विसरण्यातच सापडते. ज्या पेशींशी आपल्याला कर्तव्य नाही त्यांचे प्रतिजन आणि मृत पेशींचा रंग यांना एकाच द्रव्यात घालून त्या सर्व पेशी एकत्र वगळण्याची जुनी युक्ती चाळीस रंगांच्या काळातही तितकीच उपयुक्त आहे.

तेज म्हणजे काय, याची कल्पना आकड्यांनी येईल. एखादे द्रव्य प्रकाश किती शोषते आणि शोषलेल्यापैकी किती परत देते यांचा गुणाकार म्हणजे त्याचे मूळ तेज. शोषणाचा मोलर गुणांक एफआयटीसीचा सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात, तर फायकोएरिथ्रिनचा, ज्याला प्रयोगशाळेत पीई म्हणतात, सुमारे वीस लाख आहे. ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ चा त्याहूनही काहीसा अधिक आहे. पीईचा रेणू सुमारे २,४०,००० डाल्टन वजनाचा, म्हणजे ज्या प्रतिपिंडाला तो जोडावयाचा त्याहूनही जड असतो. म्हणून पेशीच्या आत शिरून काम करावयाच्या प्रतिपिंडांसाठी लहान रेणूंचा विचार आधी करावा. परंतु पुस्तकातले तेज आणि आपल्या यंत्रावरचे तेज एक नव्हे. पीई ४८८ च्या लेसरने उजळते, ५६१ च्या लेसरने त्याहून चांगले उजळते; ब्रिलियंट अल्ट्राव्हायोलेट ३९५ हे ३५५ च्या लेसरवर फार गुणी द्रव्य आहे, कारण त्याचे उत्सर्जन इतरांच्या वाटेत येत नाही, पण ज्या यंत्रात जंबुपार लेसरच नाही तेथे ती कुपी निरुपयोगी. सबब, दुसऱ्या संस्थेचे प्रसिद्ध झालेले पॅनेल उचलण्यापूर्वी आपल्या यंत्रातील लेसर व डिटेक्टर यांची त्याच्याशी रुजवात घालावी. एफआयटीसी आम्लतेला संवेदनशील आहे आणि आम्ल द्रावणात त्याचे तेज घटते, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

सर्वांत अधिक सावधगिरी टॅन्डम रंगद्रव्यांच्या बाबतीत बाळगावी लागते. पीई-साय५, पीई-साय७, एपीसी-साय७ यांसारख्या द्रव्यांत दोन रेणू एकमेकांना जोडलेले असतात. पहिला लेसरचा प्रकाश शोषतो, आणि स्वतः उजळण्याऐवजी ती ऊर्जा जवळच असलेल्या दुसऱ्या रेणूला देऊन टाकतो, जो पुष्कळ अधिक लांबीच्या तरंगावर प्रकाशतो. एकाच लेसरवर अनेक रंग मिळविण्याची ही सोय बहुमोल आहे, पण दोन रेणूंमधील हा व्यवहार नाजूक असतो. उजेड, उष्णता, फिक्सेशनसाठी वापरलेले फॉर्माल्डिहाइड, आणि जिवंत पेशींच्या चयापचयातून निघणारी ऑक्सिकारक द्रव्येसुद्धा दुसऱ्या रेणूला निकामी करतात. तसे झाले की पीई-साय७ लावलेली पेशी पीईच्या रंगात उजळू लागते, आणि ज्या पेशीवर पीईचा प्रतिजन मुळीच नाही तिच्यावर तो असल्याचा खोटा दाखला आलेखावर उमटतो. शिवाय एका लॉटमधील टॅन्डम आणि दुसऱ्या लॉटमधील टॅन्डम यांचे ठसे तंतोतंत सारखे नसतात, कारण एका प्रथिनाला दुसऱ्या द्रव्याचे किती रेणू जोडले गेले हे प्रत्येक वेळी थोडे बदलते. म्हणून टॅन्डमचा एकरंगी कंट्रोल, म्हणजे ठसा दाखविण्यासाठी तेवढे एकच द्रव्य लावलेली ट्यूब, नमुन्यात वापरलेल्या त्याच कुपीतून, त्याच दिवशी करावा. सहा महिन्यांपूर्वी साठवून ठेवलेला ठसा वापरण्याची मुभा प्रणाली देत असली तरी टॅन्डमच्या बाबतीत ती घेऊ नये. टॅन्डमच्या कुप्या दोन ते आठ अंश सेल्सिअस तपमानात, अंधारात ठेवाव्यात आणि कधीही गोठवू नयेत, कारण पीई व एपीसी ही प्रथिने गोठण्याने बिघडतात. आपल्याकडे ही द्रव्ये बव्हंशी परदेशांतून येतात आणि विमानतळापासून प्रयोगशाळेपर्यंतचा त्यांचा प्रवास मे महिन्याच्या उन्हातही होतो. पार्सल हाती येताच आतले बर्फाचे पाकीट अजून थंड आहे की नाही, किंवा उलट त्याला चिकटून कुपी गोठली आहे काय, हे पाहून तारखेसह नोंद करण्याची शिस्त प्रत्येक विभागाने लावून घ्यावी.

पॉलिमर रंगद्रव्यांचा दोष वेगळा आहे. ती एकाच नमुन्यात दोन वा अधिक आली की परस्परांना चिकटतात, आणि ज्या पेशींवर एकच प्रतिजन आहे त्या दोन्ही रंगांत कर्णरेषेवर चढलेल्या दिसतात; पाहणाऱ्याला हा अनमिक्सिंगचा दोष वाटतो आणि तो व्यर्थ गणित दुरुस्त करू लागतो. यासाठी मिळणारे विशेष बफर प्रतिपिंडांचे मिश्रण तयार करताना सर्वांच्या आधी ट्यूबमध्ये घालावे, मागाहून नव्हे. मोनोसाइट व मॅक्रोफेज या पेशी साय५, साय७ यांसारखी द्रव्ये असलेल्या टॅन्डमना प्रतिजनाशिवायही धरून ठेवतात. त्यांच्यासाठी एफसी ग्राहक रोधणारे द्रव्य पुरत नाही, मोनोसाइटसाठी केलेले निराळे रोधक वापरावे लागते. मिश्रण वापरण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेले गोळे मागे ठेवावेत. केमोकाइन ग्राहकांची प्रतिपिंडे आधी, ३७ अंशांवर, आणि बाकीची त्यानंतर घालावीत असा क्रम ठेवल्यास तुरळक ग्राहकही पुष्कळदा चांगले उजळतात.

पेशींना स्वतःचाही प्रकाश असतो. एनएडीएच जंबुपार किरणांनी उजळून सुमारे ४५० नॅनोमीटरवर, तर फ्लेव्हिन द्रव्ये निळ्या प्रकाशाने उजळून ५३० च्या आसपास प्रकाशतात. म्हाताऱ्या पेशींतील लिपोफ्यूसिन तर सबंध वर्णपट व्यापते. रक्तातील लिंफोसाइटांच्या बाबतीत हा प्रकाश क्षुल्लक असतो, पण फुप्फुसातील मॅक्रोफेज किंवा अर्बुदातून काढलेल्या पेशी यांच्या बाबतीत तो मंद प्रतिजनाला सहज झाकून टाकतो. वर्णपटीय पद्धतीचा मोठा लाभ असा की, हा स्वयंप्रकाश आणखी एक रंगद्रव्य समजून वेगळा काढता येतो. मात्र एका ऊतीत अनेक जातींच्या पेशी व म्हणून अनेक प्रकारचे स्वयंप्रकाश असतात, आणि ते सगळे वेगळे काढू गेल्यास प्रत्येक जण पॅनेलमधील एकेका रंगाइतकाच फैलाव आपल्यासोबत आणतो. तेव्हा जे प्रकार खरोखर तेजस्वी व परस्परांहून भिन्न आहेत तेवढेच काढावेत, आणि तुरळक प्रतिजनांना हिरव्या क्षेत्राबाहेरची द्रव्ये द्यावीत हे अधिक शहाणपणाचे.

कंट्रोलविषयी कितीही लिहिले तरी थोडेच, कारण चाळीस रंगांच्या प्रयोगाची इमारत चाळीस एकरंगी ट्यूबांवर उभी असते, आणि त्यांतील एक खोटी असली तर तिचा खोटेपणा एका रंगापुरता न राहता सर्व रंगांत वाटला जातो. एकरंगी कंट्रोलमध्ये तेच द्रव्य असावे. एफआयटीसीच्या जागी अलेक्सा ४८८ चालेल ही जुन्या यंत्रावरची सवलत येथे बंद झाली आहे. कंट्रोलचा प्रकाश नमुन्यातील प्रकाशाइतका किंवा त्याहून अधिक तेजस्वी असावा, पण डिटेक्टरच्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. फिक्सेशन, धुणे, थांबण्याचा वेळ हे सर्व संस्कार नमुन्यासारखेच व्हावेत. आणि त्यातील रंगहीन पेशी रंगीत पेशींच्याच जातीच्या असाव्यात: मोनोसाइटवरील रंगाची तुलना रंगहीन लिंफोसाइटशी केली, तर मोनोसाइटचा स्वयंप्रकाशही त्या रंगद्रव्याच्या नावे जमा होतो. प्रतिपिंड धरून ठेवणारे कृत्रिम मणी, म्हणजे बीड्स, सोयीचे खरे, पण काही द्रव्यांचा, विशेषतः काही पॉलिमरांचा, मण्यावरील ठसा पेशीवरील ठशाहून किंचित निराळा असतो; म्हणून पेशींवर विपुल असणाऱ्या प्रतिजनांसाठी पेशी, आणि अगदी तुरळक प्रतिजनांसाठीच मणी, तेही एकदा पेशींशी ताडून पाहिल्यानंतर, असे तारतम्य राखावे. मण्यांसाठी रंगहीन मणीच घ्यावेत हे ओघाने आलेच.

प्रत्येक प्रतिपिंडाची योग्य मात्रा आपल्या पेशींवर स्वतः ठरवावी. शिफारस केलेल्या मात्रेच्या दुपटीपासून आरंभ करून दर पायरीला ती निम्मी करीत जावे, आणि रंगीत व रंगहीन समुदायांतील अंतर जेथे रंगहीन समुदायाच्या रुंदीच्या मानाने सर्वांत अधिक असेल ती मात्रा स्वीकारावी. विपुल प्रतिजनाच्या बाबतीत त्याहूनही थोडी कमी घेतली तर हानी नाही, उलट फैलाव घटतो आणि कुपी अधिक दिवस पुरते. अनमिक्सिंग झाल्यावर प्रथम एकरंगी ट्यूबा एकेक करून उघडाव्यात आणि प्रत्येक रंग इतर प्रत्येक रंगासमोर पाहावा. चाळीस रंगांत अशा जोड्या ७८० होतात आणि काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नये. रंगीत समुदाय आडव्या रेषेवर सरळ राहावा. तो वर किंवा खाली झुकला असेल, किंवा शून्याच्या फार खाली गेला असेल, तर त्या द्रव्याच्या कंट्रोलमध्ये दोष आहे असे समजून तो पुन्हा करावा, आलेखावर हाताने फेरफार करून झुकाव लपवू नये. एकरंगी ट्यूबा सरळ आणि प्रत्यक्ष नमुना वाकडा असे दिसले, तर टॅन्डमचा बिघाड किंवा पॉलिमरांची चिकटण्याची खोड यांच्याकडे वळावे. सलग पसरलेल्या प्रतिजनांची सीमारेषा कोठे आखावी हे, त्या एका रंगाखेरीज बाकी सर्व रंग घातलेल्या ट्यूबवरून ठरवावे. ती ट्यूब प्रत्येक रंगासाठी करण्याची गरज नाही, जेथे शंका आहे तेथे मात्र तिला पर्याय नाही.

पहिल्या पॅनेलसाठी माझा सल्ला विचाराल तर बारा ते पंधरा रंगांच्या पुढे जाऊ नये. तेवढ्यात फैलाव, टॅन्डमचा ऱ्हास आणि स्वयंप्रकाश हे तिन्ही अनुभवास येतात आणि प्रत्येकाचे मूळ शोधणेही आवाक्यात राहते. नंतर दोन-तीन रंगांची भर घालीत, प्रत्येक भरीनंतर जुन्या समुदायांची टक्केवारी पूर्वीइतकीच येते ना याची खातरजमा करीत पुढे जावे. फिक्स केलेले नमुने शक्यतो त्याच दिवशी वाचावेत, आणि ट्यूबा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवाव्यात. प्रत्येक प्रयोगाच्या दप्तरात कुपीचा लॉट क्रमांक, ती उघडल्याची तारीख, मात्रा आणि फिक्सेशनची वेळ लिहावी. अनमिक्सिंग केलेल्या फायलींबरोबरच मूळ, अनमिक्सिंग न केलेल्या फायलीही जपून ठेवाव्यात, कारण पुढे एखादा कंट्रोल सदोष ठरला तर नवा कंट्रोल घेऊन तोच नमुना पुन्हा सोडविता येतो. मूळ फाईल पुसली गेली असेल तर रुग्णाकडून नवे रक्त मागण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.